वाळूचं बेट

पुस्तक उर्दूत होतं. युरोपातल्या राष्ट्रांनी समुद्रापलीकडे वसवलेल्या वसाहतींचा तो इतिहास होता. औरंगाबादच्या कॉलेजात इंटरला असताना मी ते जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. इंटर अर्धवट सोडून गावी परतलो आणि गावातल्याच शाळेत मास्तर झालो, तेव्हा ट्रंकेतून तेही आलं. त्यात अकरा पानांचं एक प्रकरण होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस, एका हिवाळ्यात, फ्रेंच फौजेनं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या इंग्रज कोळ्यांच्या वस्त्या एकामागून एक कशा जाळल्या, त्याची ती हकिकत.

१९४८ च्या पावसाळ्यात या प्रकरणामुळे आमच्या गावातली त्रेचाळीस माणसं गोदावरीच्या पात्रातल्या एका बेटावर राहायला गेली. प्रकरण मी वाचून दाखवलं होतं. त्रेचाळिसांत माझी आई, माझी बायको आणि सात महिन्यांची मुलगी होती.

हैदराबाद संस्थानातलं आमचं गाव नदीच्या उत्तर काठावर, कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून तीन कोसांवर. त्या वर्षी उन्हाळ्यापासून गावाला भीतीची सवय झाली होती. खाकी कपडे घालून, बंदुका आणि भाले घेऊन गावोगाव फिरणाऱ्या टोळ्यांचं नाव आमच्याकडे कोणी तोंडानं घेत नसे. 'ते' म्हटलं की पुरे. ते मोटारीतून येत. त्यामुळे मोटारीचा आवाज आला की बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून ज्वारीत शिरत. भादव्यातली ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते, त्यात माणूस दिसत नाही. लहान मुलांचं मात्र अवघड होतं. माझी बायको पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून ठेवायची. आवाज आला की फडक्यात तो गूळ धरून मुलीच्या तोंडात द्यायची. मुलगी चोखत राही आणि गप्प राही. पुढं पुढं तर मोटारीचा आवाज ऐकला की मुलगी आपणहून तोंड उघडू लागली.

शाळेत कोणी येईनासं झालं. पोरं आईबापांच्या नजरेआड होत नव्हती. मी रिकामा वर्ग उघडून ओसरीवर बसत असे. दुपारी गावातली म्हातारी माणसं तिथं जमत, आणि माझे वडीलही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. पन्नाशीचे, उंच, बोलण्यात तिखट. मी शेती सोडून मास्तरकी धरली याचा राग त्यांच्या बोलण्यातून अधूनमधून निघायचा.

"मास्तर," एका दुपारी ते म्हणाले, "एवढाली पुस्तकं वाचता. असं दुसऱ्या कुठं झालं व्हतं का न्हाई? का आपल्याच नशिबी?"

मी पुस्तक आणलं. वाचत गेलो तसा मराठीत सांगत गेलो.

एका फ्रेंच कप्तानाकडे थोडी माणसं होती, पण ती चालण्यात पक्की होती. इंग्रज कोळ्यांना वाटत होतं की शत्रू आला तर समुद्राकडून येईल. तो आला जमिनीकडून, बर्फ तुडवत.

"बर्फ म्हंजी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"गारा. गुडघ्याएवढा गारांचा थर."

"आन् त्याच्यात चालत आले? बिनवहानेचे?"

"चामडी बूट होते."

"मंग बराबर."

कोळी मासे वाळवून विकत, हे सांगितल्यावर दादा म्हणाले, "वासानंच सापडले असतील." सगळे हसले. त्या महिन्यात ओसरीवर ऐकलेलं ते एकच हसणं मला आठवतं.

मी पुढे सांगितलं. फ्रेंच एका वस्तीत येत, होड्या फोडत, मासे वाळवण्याचे मांडव जाळत, घरं जाळत आणि पुढच्या वस्तीला निघत. पळालेल्यांना रानात शोधून काढत. मोठं गाव शरण गेलं, तेही जाळलं. हसणं थांबलं होतं. हे कुठल्या काळातलं, कुठल्या मुलखातलं, याचा आता कोणी विचार करत नव्हतं.

"मंग वाचलं कोन?" दादांनी विचारलं.

"एक बेट वाचलं. किनाऱ्याजवळच, खाडीत. आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं धान्य घेऊन त्याच्यावर गेली. जाताना सगळ्या होड्या बरोबर नेल्या. फ्रेंचांनी किनाऱ्यावर येऊन पाहिलं, उतरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हिवाळा संपेपर्यंत ती माणसं बेटावरच राहिली."

"सगळ्या होड्या नेल्या?"

"सगळ्या."

पुस्तकात 'बेट वाचलं' आणि 'होड्या नेल्या' यांच्यामध्ये आणखी एक वाक्य होतं. ते मी गाळलं. ते लांब होतं, त्यात उर्दूतले दोन अवघड शब्द होते आणि ऐकणाऱ्यांना पुढचं हवं होतं. मला ते नुसतं वर्णन वाटलं. वर्णन गाळावं आणि घटना ठेवावी, अशी माझी समजूत होती. पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली तेव्हा याच समजुतीवर माझं कौतुकही झालं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बाजारगावचा शिंपी चाचा आमच्या दारात आला. पायी आला होता. कपडे शिवणारा हा मुसलमान म्हातारा वर्षानुवर्षं आमच्या घरचे सदरे शिवत आला होता. त्या दिवशी त्याच्या हातात एक नवा सदरा होता. आम्ही कापड दिलं नव्हतं.

"दादा का सदरा," तो मोठ्यानं म्हणाला, रस्त्यावर कोणी असेल तर ऐकू जावं म्हणून. मग उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसला आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर हळू आवाजात बोलला. "वरच्या बाजूचं गाव गेलं. लोगां ज्वारीत लपले व्हते. एक लेकरू रडलं. फिर ज्वारी में घोडे डाले."

"कधी?" दादांनी विचारलं.

"परसों. अब इधरकी बात करते बैठे हैं. मेरे दुकान के सामनेच बैठते. मैं मशीन चलाता रहता, सुनता रहता. दो-तीन दिन, बस."

"चाचा, तुम्ही आलात हे कळलं तर?"

"सदरा देनेकू आया," चाचा म्हणाला. "नाप में गलती हुई, और क्या."

सदरा दादांना आखूड झाला. त्यांनी तो पुढे कितीतरी वर्षं ठेवला. घातला कधीच नाही.

ज्वारी आता उपयोगाची नव्हती. त्याच दुपारी दादा नदीवर गेले, मलाही बरोबर घेतलं. गावाच्या समोर, पात्राच्या मधोमध, एक लांबट बेट होतं. वाळूचं, वर गाळाचा थर, लव्हाळी, एका टोकाला तीन बाभळी. गावाकडचा फाटा अरुंद आणि संथ होता, दक्षिणेकडची मुख्य धार रुंद आणि ओढीची. भोई लोक पौषापासून तिथं झोपड्या घालून टरबूज-खरबुजाच्या वाड्या करत. मृग लागायच्या आत झोपड्या मोडून परत येत. मृगापासून दिवाळीपर्यंत बेटावर भोयाच्या घरातलं कोणी मुक्कामाला राहत नसे. हा त्यांचा नेम होता, त्याला अपवाद मी ऐकला नव्हता.

गावात तीन नावा होत्या, तिन्ही एका म्हाताऱ्या भोयाच्या घरच्या. त्याला मी काका म्हणत असे. दादांनी त्याला मनातलं सांगितलं. बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं बेटावर न्यायची, तिन्ही नावा तिकडेच ठेवायच्या, तू आणि तुझी दोन्ही पोरं त्यांच्याजवळ राहायचं. गडीमाणसं काठावर गुरांपाशी राहतील.

काकानं जाळं बाजूला ठेवलं. "मालक, हे बेट न्हाई. नदीनं चार महिने वापराया दिलेली वाळू हाये. आता तिचे दिवस चालू हायेत."

"पंधरा दिवस पाऊस न्हाई. पानी घोट्याएवढं खाली गेलंय."

"हितं पाऊस न्हाई. वर नाशकाकडं काय चालू हाये, तुम्हाला ठावं? मला ठावं न्हाई."

"नदीला तू वळखतोस. त्यांना कोन वळखतं?" दादा म्हणाले. "काय करू सांग. पोरं ज्वारीत घालू?"

काकानं बाजूला ठेवलेलं जाळं पुन्हा उचललं. मग माझ्याकडे वळला. ओसरीवरची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मास्तर, तुमच्या पुस्तकातल्या त्या बेटाला पूर येतो का?"

"समुद्राला पूर येत नाही, काका."

"मंग ते बेट निराळं."

"बेट ते बेट," दादा म्हणाले.

ते वाक्य सांगायची ही जागा होती. ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण आदल्या दिवशी माझ्या मुलीनं गूळ तोंडातून बाहेर टाकला होता. त्या दिवशी तर मोटारही आली नव्हती, वाऱ्याचा आवाज होता. तरी ती रडत राहिली आणि ज्वारीत माझ्या बायकोनं तिचं तोंड हातानं दाबून धरलं. हात काढला तेव्हा मुलगी निळसर दिसत होती. मला बेट हवं होतं. मी गप्प बसलो.

"बिलकुल सगळ्या नावा तिकडं?" काकानं शेवटचं विचारलं.

"बिलकुल सगळ्या. एक बी काठावर राहिली तर ते तीच घेतील."

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मला दादांनी बरोबर पाठवलं, शाळेच्या हजेरीची वही घेऊन. मी नावं लिहून घेतली, त्रेचाळीस. काका आणि त्याची दोन मुलं वेगळी. बेटावर उतरताच काकानं एक काम केलं. बाभळीची एक सरळ फांदी तोडली, तिच्यावर कोयत्यानं बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडल्या आणि तो खुंट पाण्याच्या कडेला ठोकला. मग प्रत्येक वेळी जाता-येता त्याकडे बघत राहिला.

तो महालक्ष्म्यांचा सण होता. आमच्या भागात घरोघर तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. आईनं घरचे पितळी मुखवटे गोणीत घालून आणले होते. लव्हाळ्यात जागा साफ करून तिनं दोन घागरींवर मुखवटे बसवले, त्यांना लुगडी नेसवली. एक म्हातारी म्हणाली, "अगं, लक्ष्म्या घरात येत्यात. तू त्यांना पळवून आणलीस." आई म्हणाली, "आपन पळालो तर त्यांना काय मोकळ्या घरात ठिवू?" धूर दिसू नये म्हणून स्वयंपाक पहाटे एकदाच व्हायचा. सोळा भाज्यांऐवजी एका आंबाडीच्या भाजीचा नैवेद्य झाला.

पहिले दोन दिवस काही घडलं नाही. खुंटावर पाणी जागच्या जागी होतं. माझी मुलगी वाळूत बसून मुठी भरून वाळू सांडत होती आणि मोठ्यानं ओरडत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या ओरडण्यावर कोणी दचकत नव्हतं. बायको मला म्हणाली, "अहो, तुमचं पुस्तक बराबर निघालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या बाजूनं मोटारीचा आवाज आला. सगळे लव्हाळ्यात आडवे झाले. आधी काही दिसलं नाही. मग गावावर धूर चढला, एका जागी, मग दुसऱ्या. कोणाचं घर ते बेटावरून कळत नव्हतं. प्रत्येक बाई दुसऱ्या बाईला सांगत होती की तुझं नाही. आई मुखवट्यांसमोर बसून होती, दादा जित्राबांपाशी असतील, असं तीन वेळा म्हणाली.

मग ते काठावर आले. मी मोजले, चौदा. काही जण पाण्यापर्यंत उतरले. एकानं गुडघाभर पाण्यात येऊन खोली पाहिली आणि मागे फिरला. नावा शोधल्या, सापडल्या नाहीत. दोन गोळ्या झाडल्या. एक बाभळीच्या फांदीला लागली, पानं खाली पडली. एकानं हाताचा भोंगा करून ओरडून सांगितलं, "कब तक बैठोगे? हम भी बैठते." आणि ते खरोखर काठावरच्या झाडाखाली बसले. त्यांनी चूल मांडली.

पुस्तकात होतं तसं सगळं होत होतं. ते किनाऱ्यावर, आम्ही बेटावर, नावा आमच्याकडे. मला वाटलं, आता वाट बघायची.

आकाश स्वच्छ होतं. उन्हं चढली होती. काका रांगत माझ्याजवळ आला. त्याच्या हातात एक फांदी होती, पाण्यातून काढलेली. तिच्यावरची पानं हिरवी होती.

"ताजी मोडलीये," तो म्हणाला. "वर पानी आलंय."

"खुंट?"

"दोन खाचा गेल्या. फेस बघा."

पाण्यावर पिवळट फेसाचे गोळे वाहत येत होते. पाण्याचा रंगही बदलला होता, चहासारखा. लव्हाळ्यांच्या मुळांपासून मुंग्यांची रांग पांढरी अंडी घेऊन बाभळीकडे चालली होती. ढग एकही नव्हता. काठावरचे चौदा जण भाकरी खात होते. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

तेव्हा मी काकाला सांगितलं. "काका, पुस्तकातलं बेट खडकाचं होतं. उभ्या कड्यांचं. कितीही भरती आली तरी पाणी वर चढत नव्हतं. हे मी सांगितलं नाही."

काकानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "माझ्या मनात तेच आल्तं," तो म्हणाला. "मंग मी बी पुन्ना का न्हाई इचारलं? जाऊ द्या. आता जल्दी करा."

उत्तर काठावर ते होते. दक्षिणेकडे मुख्य धार. ती भरण्याआधी ओलांडायला हवी होती. एका नावेत दहाच माणसं बसत, फार तर अकरा. दोन खेपा लागणार होत्या. नावा उघड्यावर काढल्या की काठावरून गोळी येणार, असं एक म्हातारा म्हणाला.

"गोळी एकाद्याला लागंल," काका म्हणाला, "पानी सगळ्याला."

मी हजेरीची वही काढली आणि नावं वाचली. लेकरं आधी, त्यांच्या आया त्यांच्याबरोबर. पहिल्या नावेत काकानं मला वल्ह्याला बसायला सांगितलं, कारण गडी कमी होते आणि तो स्वतः मागे राहणाऱ्यांपाशी थांबणार होता. माझी बायको आणि मुलगी त्याच नावेत होत्या. आईचं नाव मी वाचलं तेव्हा ती मुखवट्यांपाशीच होती.

"आई, चल."

"आज त्यांना उठवायचा दिवस हाये. दहीभाताचा निवद दावते, अक्षता टाकते, मंग उठवते. तसंच उचलून कसं न्यायचं? मागच्या खेपंला येते मी. माझ्या जागी तिला घे." तिनं एका दोन लेकरांच्या बाईकडे बोट दाखवलं.

खेपा दोन होत्या. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी वहीत तिच्या नावापुढे दुसऱ्या खेपेची खूण केली.

नावा सुटल्या तेव्हा काठावरून ओरडा झाला, गोळ्या झाल्या. पाण्यात कुठंतरी पडल्या. मी मागे पाहिलं नाही. धारेत शिरल्यावर वल्ह्याचं काही चालेना. नाव पुढे जाण्याऐवजी आडवी खाली जाऊ लागली. नावेत कोणी रडत नव्हतं. बायकोनं मुलीला पोटाशी बांधलं होतं, आणि सवयीनं तिचा एक हात मुलीच्या तोंडावर होता. मी ओरडलो, "हात काढ! रडू दे!" तिनं हात काढला. मुलगी रडली. ते रडणं ऐकत मी वल्हं मारत राहिलो.

आम्ही दक्षिण काठाला लागलो ते कोसभर खाली. दुसऱ्या दोन नावा आणखी खाली. पुन्हा बेटावर जायचं तर नावा काठाकाठानं दोराला धरून वर ओढत न्याव्या लागणार होत्या. आम्ही ओढू लागलो. निम्मी वाट झाली तेव्हा दिवस कलला होता आणि मधल्या ओढ्यांमधून पाणी शेतात शिरलं होतं. काकाच्या थोरल्या मुलानं एक नाव बेटाच्या दिशेनं घातली. अर्ध्या धारेतून नदीनं ती फिरवून आम्हाला परत दिली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मास्तर, आता गेलो तर मी बी जातो आन् बेटावरचे बी." बाप बेटावर होता, तरी त्यानं हे सांगितलं.

बेटावर चौदा माणसं उरली होती, काका धरून. उजेड संपेपर्यंत बाभळी दिसत होत्या, वाळू दिसत नव्हती. उत्तर काठावरची माणसं केव्हाच निघून गेली होती. त्यांच्या चुलीवरही पाणी आलं होतं.

रात्रीबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. आवाज फक्त पाण्याचा होता.

उजाडलं तेव्हा तीनपैकी दोन बाभळी उभ्या होत्या. फांद्यांवर माणसं होती. मी मोजली, तेरा. पुन्हा मोजली, तेरा. एवढ्या लांबून चेहरा ओळखू येत नव्हता. लुगड्यांचे रंग चिखलानं एकच झाले होते. बायको शेजारी येऊन उभी राहिली, तिनंही मोजलं. दुपारपर्यंत पाणी उतरत गेलं आणि नाव जाऊ शकली. दुपारपर्यंत मी चौदावा माणूस कोण असेल याचा हिशेब करत होतो. ती आई नसावी म्हणून मी बाकी तेरांपैकी एकेकाचं नाव मनात घेऊन पाहिलं. त्यात लहान पोरगं कोणी नव्हतं. काकाचं नावही मी घेतलं. हे लिहायला नको होतं, पण तेव्हा तसं झालं.

ती आई होती. काकानं सांगितलं. तिसरी बाभूळ मुळासकट कलली, तिच्यावर तिघं होती. दोघांना त्यानं दोरानं ओढून घेतलं. आईच्या हातात दोर आला होता, पण दुसऱ्या हातात मुखवट्यांची गोणी होती. तो ओरडला, "सोडा ते!" त्याला वाटलं तिनं सोडली. अंधार होता, त्याला नक्की दिसलं नाही.

ती आम्हाला मिळाली नाही. गोणी मिळाली, दोन कोसांवर, एका झाडाच्या मुळांत अडकलेली.

त्यानंतर आठवडाभरात भारताची फौज आली आणि हैदराबाद संस्थान संपलं. गावात शाळा जळली होती, चार घरं जळली होती, आमचं त्यात नव्हतं. दादा ज्वारीत गुरांपाशी तीन दिवस बसून होते आणि वाचले होते. मी आणि बायको मुलीला घेऊन परतलो तेव्हा त्यांनी आमच्या मागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

ते मला काही बोलले नाहीत. मी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती का, ते मला कळलं नाही. चार महिने गेले. पौषात काका वाडीसाठी बेटावर जागा बघायला गेला आणि सांगत आला की बेट सरकलंय, बाभळीची जागा आता धारेत आहे. त्या दिवशी दुपारी दादा घरच्या ओसरीवर येऊन बसले.

"ते पुस्तक हाये का?"

"आहे."

"त्या बेटाचं वाच. सगळं. मधी काय सोडू नगंस."

म्हणजे काकानं सांगितलं होतं. मी पान काढलं आणि ते वाक्य वाचलं, आधी उर्दूत, मग मराठीत. बेट उभ्या खडकाचं होतं, चहूकडून कडे होते, होडी लावायला एकच अरुंद जागा होती आणि कोणत्याही भरतीचं पाणी वर येत नव्हतं. माझा आवाज ठीक होता. वाचून झाल्यावर मी मान वर केली नाही.

दादा समोरच्या घराच्या जळक्या भिंतीकडे पाहत होते.

"हे त्या दिवशी वाचलं असतंस," ते म्हणाले, "तरी मी नेलंच असतं."

ते खरं होतं की माझ्यासाठी होतं, हे मी त्यांना नंतर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

"फुडं वाच," ते म्हणाले.

पुढे अर्धंच पान होतं. हिवाळा संपला, फ्रेंच निघून गेले, पुढच्या उन्हाळ्यात इंग्रज गलबतं आली. बेटावरची माणसं किनाऱ्यावर परतली, जळालेले मांडव पुन्हा उभे केले.

"मंग?"

"मग काही नाही. मासे धरायला लागले."

दादांनी मान हलवली. मग उठून गोठ्याकडे गेले. बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली होती.